दहा शोधलेख, दहा सारांश : कोर्सवर्कच्या चौदा आठवड्यांची नोंद

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एका ओळीचं एक काम येतं : 'विषयाशी संबंधित दहा शोधलेखांचे सारांश सादर करा.' आमच्या बॅचला ते २३ जून २०२५ ला मिळालं. विषय होता 'विमेन ऑफ कलर'विषयीचं संशोधन, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिना (लॅटिन अमेरिकी मुळाच्या), आशियाई आणि मूलनिवासी स्त्रियांनी मिळून घेतलेलं नाव. सहा लेख बाहेरचे, चार भारतातले. प्रत्येक सारांश मराठीत, ३५० ते ४०० शब्दांचा, शेवटी दहाही लेखांचा एक तक्ता, मुदत ३० सप्टेंबर. काम २९ सप्टेंबरला जमा झालं. मधल्या चौदा आठवड्यांत काय लागलं, कुठे अडलं, किती पैसे गेले ते क्रमाने लिहिते. तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटर आत राहून हे करणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

पहिले बारा दिवस नुसते लेख निवडण्यात गेले, आणि ते जाऊ द्यावेत. शोधलेख म्हणजे कुठल्याही मासिकातला अभ्यासू लेख नव्हे. नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पृष्ठक्रमांक आणि छापण्याआधी जाणकारांनी तपासल्याची खूण एवढं तरी सापडलं पाहिजे. डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर उत्तम, तो ब्राउझरमध्ये टाकला की लेख खरंच अस्तित्वात आहे की नाही ते एका मिनिटात कळतं. 'यूजीसी-केअर यादीत आहे ना, मग झालं' हा जुना आधार आता उरलेला नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ती यादी २०२५ च्या सुरुवातीलाच बंद झाली. आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. त्यातल्या लेखाचा सारांश करायला सोपा जातो, कारण आत काही नसतं.

दहाही लेख एकाच जातकुळीचे घेऊ नका. आमच्या यादीत किम्बर्ली क्रेनशॉ यांचे कायद्यावरचे दोन लेख होते, एक १९८९ चा आणि एक १९९१ चा. चंद्रा तळपदे मोहंती यांचा १९८४ चा सैद्धांतिक लेख होता. आर्लीन जेरोनिमस यांचे आरोग्यावरचे दोन होते, १९९२ चा आणि सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला २००६ चा. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांचा संगणकाच्या चाचणीवरचा २०१८ चा एक. आपल्याकडचे म्हणजे गोपाळ गुरू १९९५, शर्मिला रेगे १९९८, आणि आदिवासी स्त्रियांच्या आरोग्यावरचे दोन. असा मिश्र ढीग घेतला की तक्त्यातला 'पद्धत' हा रकाना जिवंत राहतो. सगळे सैद्धांतिक घेतले असते तर तिथे दहा वेळा 'ग्रंथालयीन अभ्यास' लिहावं लागलं असतं.

मग लेख हातात येणं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं आहे, म्हणजे सरकारने एकच वर्गणी भरून नियतकालिकं खुली करण्याची योजना. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं त्यात आहेत, पण केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आमचं कॉलेज खासगी अनुदानित, त्यामुळे ते दार आम्हाला बंद. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून लेख उघडतात. त्यासाठी ११० किलोमीटर, एसटीचं महिलांचं अर्धं तिकीट पंचाण्णव रुपये, परतीसह एकशे नव्वद. अशा तीन फेऱ्या झाल्या. पहिली वाया गेली, कारण लेखांची यादी अर्धवट होती आणि पेनड्राइव्ह संगणकाला लावू देत नाहीत हे माहीत नव्हतं. लेख स्वतःलाच ईमेल करायचा असतो, आणि त्यासाठी ईमेलचा पासवर्ड पाठ असावा लागतो.

खरं तर निम्म्याहून अधिक लेखांना फेरी लागलीच नसती. क्रेनशॉ यांचा १९८९ चा लेख शिकागो विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात फुकट आहे. बुओलाम्विनी आणि गेब्रू यांचा लेख ज्या परिषदेत मांडला गेला तिथल्या लेखसंग्रहात सगळ्यांना खुला आहे. जेरोनिमस यांचा २००६ चा पबमेड सेंट्रल या आरोग्यविषयक लेखांच्या खुल्या संग्रहात आहे. जेस्टोर या लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं काढलं की तीस दिवसांत शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. ते उतरवून घेता येत नाहीत, म्हणजे वाचताना नेट लागतं. जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की डीपी उडतो आणि त्यामागोमाग टॉवरही जातो, त्यामुळे जेस्टोरचे लेख पहाटे पाच ते सातमध्ये वाचायचे आणि टिपणं वहीतच काढायची, हे वेळापत्रक आपोआप बसलं. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' जोडून ठेवा, लेखाची कायदेशीर फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. एवढं करूनही एक लेख मिळेना, तेव्हा लेखिकेलाच ईमेल केलं : मी कोण, कशासाठी हवा, एवढ्या दोनच ओळी. नऊ दिवसांनी पीडीएफ आली. म्हणून असे ईमेल पहिल्याच आठवड्यात पाठवा, शेवटच्या आठवड्यात नको.

फाइलला नाव देताना आडनाव, वर्ष आणि शीर्षकाचा पहिला शब्द एवढं ठेवा. नुसतं शीर्षक ठेवलं तर फसाल. गुरू आणि रेगे यांच्या लेखांची शीर्षकं एकाच वाक्याने सुरू होतात : 'दलित विमेन टॉक डिफरंटली'. दोन्ही 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त, तीन वर्षांच्या अंतराने. गुरूंचा तीन पानी लेख आधीचा आणि रेग्यांचा आठ पानी लेख त्याला दिलेला प्रतिसाद. आमच्या बॅचमधल्या दोन सारांशांत एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं.

छपाईचं गणित करून ठेवा. तालुक्याला झेरॉक्स दोन रुपये पान. क्रेनशॉ यांचा १९९१ चा लेख पृष्ठ १२४१ ते १२९९, म्हणजे एकोणसाठ पानांचा. एका बाजूवर दोन पानं घेतली तर खर्च अर्धा होतो. पण अमेरिकी कायद्याच्या नियतकालिकांत कधीकधी अर्धं पान तळटिपांचं असतं, आणि लहान केल्यावर त्या वाचता येत नाहीत. त्या तळटिपा टाळता येत नाहीत. 'ब्लॅक' हा इंग्रजी शब्द आपण कॅपिटल अक्षराने का लिहितो, याचं कारण क्रेनशॉ तळटिपेतच देतात. कायद्याचे लेख पूर्ण आकारात, बाकीचे दोन-दोन पानं, असं ठरवलं. दहा लेख मिळून १८३ पानं झाली.

वाचन ६ जुलैपासून. एक लेख तीनदा वाचायचा, पण तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं : शीर्षक, गोषवारा (लेखाच्या सुरुवातीचा ॲबस्ट्रॅक्ट), प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मधली सगळी उपशीर्षकं, निष्कर्ष. हातात पेन नको. त्यानंतर लेख मिटून एक वाक्य लिहायचं, लेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते लिहिता आलं नाही तर दुसऱ्या वाचनाला अर्थ नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन पूर्ण वाचायचं आणि समासात फक्त चार अक्षरं टाकायची : 'प्र' प्रश्न, 'प' पद्धत, 'नि' निष्कर्ष, 'म' मर्यादा. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवण्यापेक्षा हे बरं, कारण नंतर शोधताना नजर अक्षरावर जाते. तिसरं वाचन फक्त तक्ते, तळटिपा आणि स्वतःच्या टिपणांशी ताळा करण्यासाठी. एका लेखाला सरासरी चार दिवस लागले, क्रेनशॉ यांच्या मोठ्या लेखाला नऊ. निंदणाच्या दिवसांत वावरातून आल्यावर सांजच्याला सैद्धांतिक लेख हातात घेऊ नये, त्या वेळेला तक्त्यांचा लेख ठेवावा. मोहंती डोळे मिटायला लावतात, आकडे जागं ठेवतात.

गोषवारा हाच सारांश समजू नका. गोषवारा लेखकाने वाचकाला आत ओढण्यासाठी लिहिलेला असतो, पद्धत आणि मर्यादा त्यात निसटत्या येतात. आणि क्रेनशॉ यांच्या १९८९ च्या लेखासारख्या कायद्याच्या जुन्या लेखांना बहुतेकदा तो नसतोच.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांनी खाल्ला, आणि तो वेळ सार्थकी लागला. मोबाइलवरच्या भाषांतराने 'विमेन ऑफ कलर'चं 'रंगीत महिला' केलं. हसून सोडून द्यावं असं वाटतं, पण याहून बरा शब्द सुचवा म्हटलं की अडचण कळते. मराठीत बाईच्या संदर्भात 'रंग' म्हटला की गोरी, गव्हाळ, सावळी अशी स्थळाच्या बायोडाट्यातली ओळ डोळ्यांपुढे येते. या शब्दाचा उगम त्वचेच्या छटेत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या लॉरेटा रॉस यांनी तो सांगितला आहे : नोव्हेंबर १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली, कृष्णवर्णीय स्त्रिया आपला मसुदा घेऊन तिथे आल्या, इतर अल्पसंख्य गटांतल्या स्त्रियांनाही त्यात यायचं होतं, आणि सगळ्यांनी मिळून वापरायचं नाव म्हणून 'विमेन ऑफ कलर' पुढे आलं. ती एकत्र येण्याची राजकीय ओळख आहे. तिच्यात कृष्णवर्णीय आहेत, लॅटिना आहेत, आशियाई आहेत, अमेरिकेतल्या मूलनिवासी आहेत. म्हणून 'कृष्णवर्णीय स्त्रिया' हा शब्द एका गटापुरता बसतो, सगळ्यांना नाही. 'श्वेतेतर' म्हटलं तर मोजपट्टी पुन्हा गोऱ्यांचीच. शेवटी 'विमेन ऑफ कलर' तसंच देवनागरीत ठेवलं, पहिल्या सारांशाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत त्याचा अर्थ दिला, आणि जिथे लेखिका फक्त ब्लॅक स्त्रियांबद्दल बोलते तिथे 'कृष्णवर्णीय'. कॅपिटल अक्षराचा मुद्दा देवनागरीत दाखवता येत नाही, तो एका वाक्यात सांगावा लागतो. 'कलर्ड' हा तर वेगळाच शब्द. अमेरिकेत तो जुना आणि अपमानकारक, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातला एक स्वतंत्र सरकारी गट. 'ऑफ कलर' आणि 'कलर्ड' यांची अदलाबदल केली की सारांश तिथेच चुकला.

असे आणखी सापळे आहेत. 'अमेरिकन इंडियन विमेन' म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासी स्त्रिया, यंत्र त्यांचं 'अमेरिकन भारतीय महिला' करतं. 'मायनॉरिटी'ला 'अल्पसंख्याक' शब्द बरोबर आहे, पण आपल्या वाचकाच्या डोक्यात आधी धर्म येतो, म्हणून 'वांशिक अल्पसंख्य' लिहिणं सुरक्षित. 'स्टेट' कधी राज्य असतं, कधी राज्यसंस्था. 'शेल्टर'ला निवारा म्हटलं की पावसापासूनचा वाटतो. क्रेनशॉ यांच्या लेखात तो नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाईसाठीचा आधारगृहाचा शब्द आहे. जेरोनिमस यांचा 'वेदरिंग' सगळ्यात अवघड निघाला. यंत्राने 'हवामान' दिलं. शाळेच्या भूगोलात याच शब्दाला 'विदारण' म्हणतात, खडक ऊन-पावसाने फुटत जातो ते. लेखिकेचं म्हणणं असं की सततच्या सामाजिक आणि आर्थिक ओझ्याने कृष्णवर्णीय स्त्रियांची तब्येत तरुणपणातच ढासळायला लागते. 'विदारण' खडकाला शोभतं, शरीराला नाही. 'झीज' घेतलं. शब्द एकदा ठरला की दहाही सारांशांत तोच. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून ठेवा, आमच्याकडे एकोणचाळीस शब्द जमले.

'इंटरसेक्शनॅलिटी' म्हणजे वंश, लिंग असे भेद एकाच बाईवर एकत्र येऊन आदळतात ही मांडणी. तिला मराठीत एकापेक्षा जास्त शब्द फिरतात. 'आंतरछेदिता' घेतला, पण नुसता शब्द टाकून भागत नाही. क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये दिलेलं उदाहरण चौकाचं आहे : चौकात गाड्या चारही बाजूंनी येतात, तिथे उभ्या असलेल्या माणसाला इजा झाली तर ती एका रस्त्याने आलेल्या गाडीने झालेली असू शकते, किंवा अनेक बाजूंच्या गाड्यांनी मिळून. हे मराठीत सरळ उतरतं, कारण चौक आपल्याकडेही तसाच असतो. त्याच लेखात जनरल मोटर्सविरुद्धचा १९७६ चा निकाल आहे. पाच कृष्णवर्णीय स्त्रिया कोर्टात गेल्या. कंपनीने १९६४ पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री घेतली नव्हती, आणि नंतर सेवाज्येष्ठतेनुसार कपात आली तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या गेल्या. कोर्टाचा कल असा की लिंगाचा दावा करा किंवा वंशाचा करा, दोन्हींची मोट बांधून नवा दावा होत नाही. कंपनीने स्त्रिया घेतल्याच होत्या, त्या गोऱ्या होत्या इतकंच.

इथे एक चूक आमच्या बॅचमध्ये तिघांनी केली. कोर्टाचं म्हणणं त्यांनी लेखिकेचं म्हणून लिहिलं. क्रेनशॉ ते उद्धृत करतात ते खोडण्यासाठी. लांब लेखांत लेखक आधी विरोधकाचं म्हणणं चांगलं दोन पानं मांडतो, आणि थकलेला वाचक तेच निष्कर्ष समजतो. उपाय साधा आहे : सारांशातल्या प्रत्येक वाक्याला 'कोण म्हणतं?' विचारा आणि क्रियापद नेमकं घ्या. 'मांडतात', 'दाखवून देतात', 'सुचवतात', 'खोडून काढतात', 'उद्धृत करतात' ही पाच क्रियापदं वेगळी आहेत. सगळीकडे 'म्हणतात' लिहिलं की लेख सपाट होतो.

१९९१ च्या लेखाचं उदाहरण देते. पहिल्या खर्ड्यात वाक्य असं होतं : 'विमेन ऑफ कलर यांना घरगुती हिंसा जास्त सहन करावी लागते.' लेख हे म्हणतच नाही. दुरुस्त केलेलं असं : 'लॉस एंजेलिसमधल्या अल्पसंख्य वस्त्यांतील आधारगृहांची पाहणी आणि कायद्यांचं विश्लेषण यांच्या आधारे लेखिका मांडतात की मदतीच्या व्यवस्था एकाच प्रकारच्या स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून रचल्या आहेत. १९८६ च्या कायद्याने विवाहामुळे स्थलांतरित झालेल्या स्त्रीला कायम वास्तव्याच्या अर्जाआधी दोन वर्षं संसार टिकवावा लागे. १९९० मध्ये सूट आली, पण त्यासाठी पोलिस, डॉक्टर किंवा सामाजिक संस्थांचा पुरावा लागे, आणि भाषा न येणाऱ्या, एकट्या पडलेल्या स्त्रीला तोच मिळवणं कठीण.' शब्द सहापट झाले, पण आता कोण, कुठे, कशाच्या आधारावर हे सगळं त्यात आहे. इंग्रजी येत नाही म्हणून एका लॅटिना बाईला आधारगृहाने घेतलं नाही, हा त्या लेखातला प्रसंगही एका वाक्यात ठेवा. सारांशात एक तरी ठोस प्रसंग असावा, नाहीतर तो कुठल्याही लेखाचा वाटतो.

मोहंतींचा लेख याच कारणासाठी आधी वाचावा. पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनातून 'तिसऱ्या जगातली बाई' नावाची एकसाची, पिचलेली बाई कशी तयार होते हे त्या दाखवतात. सारांश करणारा नेमकं तेच करून बसतो : 'या स्त्रिया अशिक्षित, गरीब आणि पीडित असतात.' कोणत्या? किती? कुठल्या? रेगे आणि गुरू यांच्या बाबतीत उलटा मोह होतो, आपल्या भागातलं आहे म्हणून स्वतःचं मत आत सोडण्याचा. गुरू बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन कारणांनी दलित स्त्रियांचं वेगळं बोलणं समजावतात : एक दलितेतरांकडून, दुसरं दलित पुरुषसत्तेकडून. रेगे 'वेगळेपणा'वर न थांबता दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीकडे, म्हणजे दलित स्त्रियांच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याकडे, जायला सांगतात. जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झालेली महिला परिषद आठवते, तिचा उल्लेख करावासा वाटतो, विदर्भातल्या माणसाला तर वाटणारच. पण तो गुरूंच्या लेखाच्या सारांशात कोंबायचा नाही. प्रत्येक सारांशाखाली रेघ मारून 'माझी टीप' म्हणून पन्नास शब्द वेगळे ठेवले. जात आणि वंश यांची तुलनाही तिथेच, रेघेच्या खाली.

आकड्यांचे लेख ऑगस्टमध्ये घेतले. ते सोपे वाटतात म्हणून चुका तिथेच जास्त. बुओलाम्विनी आणि गेब्रू यांनी १२७० छायाचित्रं घेतली, आफ्रिकेतल्या तीन आणि युरोपातल्या तीन देशांच्या संसद सदस्यांची, आणि चेहऱ्याच्या छायाचित्रावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणक प्रणाल्या तपासल्या. गडद त्वचेच्या स्त्रियांबाबत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, उजळ त्वचेच्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८ टक्के. आता यात तीन ठिकाणी पाय घसरतो. 'पर्यंत' गाळला की एका प्रणालीचा आकडा तिन्हींची सरासरी होतो, तीन प्रणाल्यांपैकी एकीचा आकडा २०.८ होता. चाचणी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष एवढं सांगण्याची होती, माणूस ओळखण्याची नव्हती. आणि छायाचित्रांतल्या स्त्रिया अमेरिकेतल्या नव्हत्या, रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलँड, स्वीडन इथल्या होत्या. वर्तमानपत्री बातम्यांवरून सारांश केलेल्याने या तीनही गोष्टी चुकवल्या होत्या.

दर आणि टक्के वेगळे. अमेरिकेत २०२१ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्यू दर ६९.९ होता आणि गोऱ्या स्त्रियांचा २६.६. हे दर एक लाख जिवंत जन्मांमागे आहेत. 'लाख जन्मांमागे' हे शब्द आकड्याला चिकटूनच लिहा, पुढच्या वाक्यात नको. एका खर्ड्यात ते '६९.९ टक्के' झालं होतं आणि गाइडच्या नजरेतूनही पहिल्यांदा सुटलं. २.६ पट म्हणायचं असेल तर दोन्ही मूळ आकडे शेजारी द्या.

जेरोनिमस यांच्या २००६ च्या लेखात 'मुळे' या शब्दाने घोळ घातला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या १९९९ ते २००२ च्या प्रौढांच्या नोंदी घेऊन रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा दहा मोजमापांवरून शरीरात साचलेल्या ताणाचा गुणांक काढला आहे. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांत गुणांक जास्त असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि दुसऱ्या क्रमांकावर गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. म्हणजे गरिबीने हा फरक उलगडत नाही. ही ओळ सारांशाचा कणा आहे, कारण आपला वाचक आपसूक 'गरिबीमुळे' समजून पुढे जातो. पण 'वंशभेदामुळे गुणांक वाढतो हे सिद्ध झालं' असंही लिहू नका. एका वेळी केलेल्या पाहणीतून संबंध दिसतो, लेखक त्याचा अर्थ झीजेच्या मांडणीने लावतात. 'संबंध दिसतो', 'सुसंगत आहे', 'अर्थ लावतात' या तीन शब्दप्रयोगांची सवय लावून घ्या.

चारशे शब्दांची वाटणी सरावाने अशी बसली : प्रश्न आणि पार्श्वभूमी सत्तर-ऐंशी, कोणाचा अभ्यास आणि कसा शंभर, निष्कर्ष दीडशे, मर्यादा चाळीस, उरलेले एका प्रसंगाला. मर्यादा लेखकाने सांगितलेल्या आधी, तुम्हाला दिसलेल्या रेघेखाली. तीन पानांच्या लेखाचाही सारांश चारशे शब्दांचा करायला सांगितलं होतं. गुरूंच्या लेखाचा तो अडीचशेवरच थांबला, तसाच दिला, कोणी काही बोललं नाही.

टायपिंगमध्ये ३६० रुपये पाण्यात गेले. तालुक्याच्या टायपिंगवाल्याने कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये अठरा पानं करून दिली, वीस रुपये पान. विद्यापीठाला युनिकोड हवं होतं, कारण साम्य तपासणारी, म्हणजे दुसरीकडून उचललेला मजकूर पकडणारी, प्रणाली कृतिदेवची अक्षरं वाचू शकत नाही. बदलून घेतल्यावर रफार भलत्याच अक्षरावर, दशांश चिन्हं गायब, ६९.९ चं ६९९. सगळं मोबाइलवर पुन्हा टाइप केलं. आवाजी टायपिंग साध्या वाक्यांना चांगलं, पण 'क्रेनशॉ'चे पाच प्रकार होतात, नावं शेवटी एकदा शोधून बदलावीत. पैसे देण्याआधी 'युनिकोडमध्ये कराल ना?' एवढंच विचारायचं होतं.

साम्याची मर्यादा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्के. १० ते ४० मध्ये गेलात तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं. संदर्भसूची मोजत नाहीत, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडतात. आमच्या बॅचमध्ये अहवालात सगळ्यांचं कमीच आलं. त्यावर खूश होऊ नका. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं तर प्रणालीला कळत नाही, गाइडला कळतं, कारण मराठी वाक्य लंगडत असतं. तसं वाक्य दिसलं की लेख मिटून शेजारच्या बारावीच्या मुलीला तोंडी सांगायचं आणि जे तोंडातून आलं ते लिहायचं.

खर्डा ३० ऑगस्टला दिला, परत यायला सतरा दिवस लागले. मधे गणपती, महालक्ष्म्या. तीन सारांश पुन्हा लिहायला लागले, समासात प्रत्येक ठिकाणी एकच शेरा : 'कोणत्या स्त्रिया?' तक्त्यात 'कोणाचा अभ्यास' हा रकाना पहिल्यांदा नव्हताच, तो दुसऱ्या क्रमांकावर घातला. खरं तर तक्ता आधी भरून मग सारांश लिहावेत. ज्या लेखाचा तो रकाना दहा शब्दांत भरता येत नाही, तो लेख अजून वाचून व्हायचा आहे.

एकूण खर्च असा : छपाई आणि झेरॉक्स ६४०, विद्यापीठाच्या तीन आणि तालुक्याच्या आठ फेऱ्या मिळून ८९०, टायपिंग ३६०, जादा रिचार्ज १९८, तीन प्रतींचं स्पायरल बाइंडिंग १८०. बेरीज २,२६८ रुपये. त्यातले साडेपाचशे सहज वाचले असते, पहिली फेरी आणि टायपिंगचे.

जमा करताना तीन प्रती, सहीचं प्रमाणपत्र, साम्य अहवालाचं पहिलं पान आणि सीडी मागतात. सीडी तालुक्यात मिळत नाही, आधी फोन करून ईमेल चालेल का विचारा, आमचं ईमेल चाललं. पोच घेताना तारखेचा शिक्का बघा. आणि मुखपृष्ठ छापायला देताना झेरॉक्सवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्याने शीर्षक वाचलं, 'विमेन ऑफ कलर', आणि न विचारता तिन्ही पानं कलर प्रिंटमध्ये काढली, दहा रुपये पान. "ताई, वरतीच तर लिहिलंय!"